पाट्यांच्या वरचे दादर

बाजारात गेलेला माणूस सहसा डोळ्यांच्या पातळीवरच पाहतो. भाजीचा ताजेपणा, कापडाचा पोत, दुकानाची पाटी आणि समोरून येणारी गर्दी यांतच त्याचे लक्ष गुंतलेले असते. दुकानाच्या पाटीच्या वर काय आहे, हे पाहण्याची सवड त्याला नसते. वास्तविक दुकाने बदलतात, पाट्या बदलतात, तळमजल्याचा दर्शनी भाग दर दहा-पंधरा वर्षांनी नवे रूप घेतो. पण वरचे मजले पुष्कळदा पूर्वी होते तसेच राहतात. बाजारपेठेचा इतिहास वाचायचा असेल, तर मान थोडी वर करावी लागते.

एखाद्या वस्तीतील जुन्या वास्तू पायी हिंडून, थांबून, समजून घेत पाहण्याच्या उपक्रमाला ‘वारसा फेरी’ असे म्हणतात. वारसा म्हटला की आपल्यासमोर किल्ले, लेणी, राजवाडे उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु ज्या रस्त्यावर आपण रोज मीठ-मिरची घेतो, त्या रस्त्यालाही वारसा असतो. तो राजांनी नव्हे, तर भाडेकरूंनी, दुकानदारांनी, शिक्षकांनी आणि कलावंतांनी घडवलेला असतो. असा वारसा कसा ओळखावा, हे मुंबईतील दादर पश्चिमेच्या बाजारपेठेतून एक फेरी मारून आपण समजून घेऊ.

उपनगर कसे जन्मले?

आज दादर हा मुंबईचा मध्यवर्ती भाग मानला जातो. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांचे प्रवासी येथे गाडी बदलतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा भाग शहराच्या सीमेवर होता. बोरीबंदर ते ठाणे हा देशातील पहिला प्रवासी रेल्वेमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला आणि तो याच परिसरातून जात होता. पुढे १८६७ मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी धावू लागली. तरीही भातशेते, नारळीच्या वाड्या आणि कोळी, भंडारी, आगरी अशा जुन्या रहिवाशांच्या वस्त्या हेच या भागाचे रूप बराच काळ टिकून होते.

बदल घडवला तो एका रोगाने. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दक्षिण मुंबईतील दाट, कोंदट वस्तीत ती झपाट्याने पसरली आणि हजारो माणसे शहर सोडून गेली. हवा आणि उजेड नसलेली घरे हे साथीचे एक कारण आहे, अशी सरकारची धारणा झाली. १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणेसाठी ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. रुंद रस्ते काढणे, दाट वस्ती मोकळी करणे आणि शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती आखणे ही कामे तिच्याकडे होती. याच शतकाच्या अखेरीस दादर-माटुंगा परिसराची योजना तयार झाली. पूर्वेकडील हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्या योजनेची फळे होत. पश्चिमेकडे १९२५ मध्ये महापालिकेने ‘माहीम पार्क’ हे मोठे मैदान खुले केले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. तेच आजचे शिवाजी पार्क. या मैदानाभोवती १९३० ते १९५० या काळात मध्यमवर्गीयांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि रेल्वे स्थानक ते मैदान या पट्ट्यात बाजारपेठ भरू लागली.

रोज कचेरीतून परतणारा चाकरमानी स्थानकावर उतरणार आणि पायी घरी जाणार. वाटेत त्याला फुले, भाजी, कापड, पुस्तके, मिठाई लागणार. दादरच्या बाजारपेठेचे सारे गणित या एका पायवाटेवर उभे राहिले आहे.

रस्त्यांची नावे

स्थानकाबाहेर पडताच पहिला धडा मिळतो तो रस्त्याच्या नावाचा. समोरचा सेनापती बापट मार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘तुळशी पाईप रोड’ असतो. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी नळवाहिनी या मार्गाने गेली, म्हणून ते नाव. नवे नाव मुळशी सत्याग्रहाचे नेते पांडुरंग महादेव बापट यांचे. धरणासाठी जमिनी बुडाल्या, त्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते १९२० च्या दशकात उभे राहिले होते. एकाच रस्त्याच्या दोन नावांत शहराची तहान आणि शेतकऱ्याचा लढा अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पुढे रानडे रस्ता आहे, न. चिं. केळकर मार्ग आहे, गोखले रस्ता आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, ‘केसरी’चे संपादक नरसिंह चिंतामण केळकर आणि गोपाळ कृष्ण गोखले या तिघांची राजकीय मते एकसारखी नव्हती. पण आज साडी घ्यायला निघालेली बाई या तिघांच्या नावांवरून चालत जाते. याच भागातील सी. के. बोले मार्ग म्हणजे समाजसुधारक सीताराम केशव बोले यांचा रस्ता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजासही खुले असावेत, असा ठराव त्यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला व तो संमत झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जो सत्याग्रह झाला, त्यामागे या ठरावाचा आधार होता. रस्त्याची पाटी केवळ पत्ता सांगत नाही. आपण कोणाची आठवण ठेवायची ठरवले, हेही ती सांगते.

इमारत कशी वाचावी?

आता मान वर करू. फूलबाजाराची गर्दी मागे टाकून आत शिरले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीन-चार मजल्यांच्या इमारती दिसतात. तळमजल्यावर दुकानांचे गाळे, वर राहती घरे. ही रचना अपघाताने झालेली नाही. रस्त्यालगतच्या गाळ्याचे भाडे घराच्या भाड्यापेक्षा अधिक येते. म्हणून मालकाने तळमजला व्यापाराला दिला आणि वरचे मजले भाडेकरूंना. दुकानदाराला गिऱ्हाईक डोक्यावरच मिळाले आणि रहिवाशाला किराणा जिन्याखालीच मिळाला.

इमारतीचे वय ओळखण्याच्या काही खुणा आहेत. उतरते कौलारू छप्पर, सागवानी खांब व तुळया, लाकडी कठड्याच्या लांब गॅलऱ्या आणि गॅलरीत उघडणारी ओळीने दारे दिसली, तर ती जुन्या पद्धतीची चाळ समजावी. याउलट सपाट गच्ची, गोलाई दिलेला कोपरा, खिडक्यांवरून आडवे धावणारे छज्जे आणि जिन्याच्या जागी दर्शनी भागात वरपासून खालपर्यंत गेलेली जाळीची उभी पट्टी दिसली, तर ती बहुधा १९३० नंतरची सिमेंट-काँक्रीटची इमारत असते. या शैलीला ‘आर्ट डेको’ असे म्हणतात. मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान परिसरातील याच शैलीच्या इमारतींना, तेथील व्हिक्टोरियन वास्तूंसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. दादरच्या इमारती त्यांच्याच मध्यमवर्गीय बहिणी होत. त्यांचा थाट कमी आहे, पण घडण तीच आहे.

आणखी एक खूण माथ्यावर असते. इमारतीचे नाव आणि बांधकामाचे वर्ष गिलाव्यातच उठावाच्या अक्षरांत कोरलेले असते. अनेकदा ते नाव मालकाच्या आईचे, कुलदैवताचे किंवा गावाचे असते. दुकानाची पाटी आज लावली आणि उद्या काढली असे होते. माथ्यावरचे नाव मात्र इमारत पाडल्याशिवाय जात नाही.

साधी भिंत, मोठे काम

परंतु केवळ नक्षी पाहून वारसा ठरत नाही. स्थानकाजवळच्या छबिलदास शाळेचेच उदाहरण घ्या. तिचे सभागृह दिसायला साधे. तेथे ना मखमली पडदा होता, ना आरामशीर खुर्च्या. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून या सभागृहात प्रायोगिक नाटके करायला सुरुवात केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांचे सहकारी यांनी दीड दशकाहून अधिक काळ ही चळवळ चालवली. दिवसा जेथे मुले असत, तेथे शाळा सुटल्यावर नवे नाटककार, नवे नट आणि नवे प्रेक्षक जमू लागले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘छबिलदास चळवळ’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला. भाडे परवडेल अशी जागा मिळाली, म्हणून धोका पत्करणारे नाटक होऊ शकले. हे महत्त्व त्या भिंतींकडे नुसते पाहून कळणार नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

याच परिसरात न. चिं. केळकर मार्गावर श्री शिवाजी मंदिर हे नाट्यगृह आहे. ते १९६५ मध्ये सुरू झाले. तळाशी दुकाने आणि वर नाट्यगृह अशी त्याची रचना. म्हणजे बाजारातील चाळीचाच नियम येथेही लागू झाला आहे. रस्त्यावरचा व्यापार वरच्या संस्थेच्या पाठीशी उभा राहतो. खरेदीला आलेले कुटुंब नाटकाचा फलक वाचते आणि पिशव्यांसह तिकीट खिडकीपाशी उभे राहते, हे दृश्य दादरकरांना नवे नाही.

जवळच प्लाझा चित्रपटगृह आहे. चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्याशी त्याचे नाव जोडलेले आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जी बॉम्बस्फोटांची मालिका झाली, त्यातील एक स्फोट येथे झाला. माणसे मृत्युमुखी पडली, वास्तूची मोडतोड झाली. पुढे चित्रपटगृह पुन्हा सुरू झाले. समोरच्या वीर कोतवाल उद्यानाला १९४२ च्या लढ्यात भूमिगत राहून लढलेल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या परिसरात हौतात्म्य पत्करलेल्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचे नाव दिले आहे. करमणुकीच्या आणि विसाव्याच्या जागाही किती गंभीर आठवणी जपून असतात, हे येथे उमगते.

वारसा म्हणजे सारेच जतन करायचे का?

बाजारपेठेतील एका चौकात कबुतरखाना आहे. तो १९३३ मध्ये बांधला गेला. कठड्याने वेढलेल्या त्या जागेत कबुतरांना दाणे टाकणे अनेकांना पुण्याचे काम वाटे. जवळच जैन मंदिर असल्याने या प्रथेला धार्मिक श्रद्धेचेही बळ होते. पण कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांच्या धुळीमुळे श्वसनाचे विकार होऊ शकतात, याकडे डॉक्टर लक्ष वेधू लागले. २०२५ मध्ये हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखाना ताडपत्रीने झाकला. त्याला विरोध झाला, ताडपत्री ओढून काढण्याचा प्रयत्नही झाला.

या घटनेतून एक भेद ध्यानात घ्यावा. वास्तू आणि तिचा वापर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वास्तू जपावी, म्हणून तिच्यातील प्रत्येक प्रथा जपावीच असे नाही. आणि प्रथा थांबवावी लागली, म्हणून वास्तू पाडावीच असेही नाही. हे दोन निर्णय वेगवेगळे घ्यावे लागतात.

या उलट अनुभव पोर्तुगीज चर्चपाशी येतो. लोक ज्याला ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात, त्या ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’ या चर्चची स्थापना १५९६ मध्ये झाली. मात्र आज तेथे दिसणारी वास्तू त्या काळातील नाही. ती प्रसिद्ध वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात रचली. मुंबईच्या उष्ण, दमट हवेचा विचार करून त्यांनी काही जागा छताखाली आणि काही आकाशाखाली ठेवल्या. काँक्रीटच्या उंच निमुळत्या छतांतून गरम हवा वर निघून जावी अशी योजना केली. येथे वास्तू नवी आहे, पण उपासनेची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. एके ठिकाणी वास्तू राहिली आणि प्रथा थांबली. दुसऱ्या ठिकाणी परंपरा राहिली आणि वास्तू बदलली.

जपण्याची किंमत कोण देतो?

येथवर आपण पाहणाऱ्याच्या नजरेने चाललो. आता राहणाऱ्याच्या बाजूने पाहू. फेरी करणारा माणूस लाकडी गॅलरीचे छायाचित्र काढून निघून जातो. पावसाळ्यात त्याच गॅलरीखाली बादल्या ठेवण्याची वेळ रहिवाशांवर येते.

याची मुळे कायद्यात आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर रोखून धरली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात या कायद्याने असंख्य कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचवले. पण महागाई वाढत गेली आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना, म्हणून अनेक मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी कायदा झाला. अशा इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करावी, अशी ती योजना होती. म्हणूनच या इमारतींना ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात. पुढे १९९९ मध्ये नवा भाडे नियंत्रण कायदा आला. तोवर अनेक तुळया कुजल्या होत्या.

दुसरीकडे, १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंसाठी नियमावली लागू झाली. देशातील शहरांत ती या प्रकारची पहिली मानली जाते. तिच्यानुसार वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या आणि यादीतील वास्तूत मोठे बदल करायचे, तर वारसा समितीचे मत घेणे आवश्यक झाले. २०१२ मध्ये शिवाजी पार्क परिसरालाही असा दर्जा देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील अनेक रहिवाशांनीच त्यास विरोध केला. आमच्या इमारती जीर्ण झाल्या आहेत, वारशाच्या नियमांनी पुनर्विकास अडला तर आम्ही कुठे जावे, असा त्यांचा प्रश्न होता. हा प्रश्न क्षुल्लक मानता येणार नाही. सामाईक शौचालय वापरून ज्या बाईचा जन्म गेला, तिला घरात स्वतःचे न्हाणीघर हवे असेल, तर ती वारशाची शत्रू ठरत नाही.

पण पुनर्विकासाचीही किंमत असते. इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत काही वर्षे जातात. त्या काळात तळमजल्यावरच्या लहान दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. शिवणकाम करणारा, घड्याळ दुरुस्त करणारा, जिन्याखालच्या कोपऱ्यात चाव्या करणारा यांच्यापैकी प्रत्येकाला नव्या इमारतीत जागा मिळतेच असे नाही. रस्त्याकडे तोंड असलेल्या गाळ्यांच्या ठिकाणी वाहनतळाचे मजले आले, तर पायी चालणाऱ्याची बाजारपेठच आटते. म्हणून केवळ ‘जपा’ किंवा केवळ ‘पाडा’ म्हणणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. जपायचे असेल, तर दुरुस्तीचा भार एकट्या रहिवाशावर टाकता कामा नये. पाडायचेच असेल, तर रस्त्याचा पायी चालण्याजोगा स्वभाव आणि लहान धंद्यांची जागा नव्या आराखड्यात राखली पाहिजे.

आणि या दोन्हींआधी एक काम आपल्यापैकी प्रत्येकाला करता येते. ते म्हणजे नोंद ठेवणे. इमारत वाचवणे आपल्या हाती नसेल. पण ती कोणती होती, कधी बांधली, तेथे कोण राहिले आणि कोणी काय केले, हे लिहून ठेवणे आपल्या हाती असते. छबिलदासच्या सभागृहाचे मोल आज आपल्याला कळते, ते त्याबद्दल कोणीतरी लिहून ठेवले म्हणूनच.

आपल्या गावची फेरी

अशी फेरी काढण्यासाठी दादरलाच यावे लागते असे नाही. बडोद्याच्या मांडवीपाशी, इंदूरच्या राजवाड्याच्या परिसरात, तंजावरच्या राजवाड्याजवळ किंवा आपण जेथे राहता तेथील बाजाराच्या रस्त्यावरही ती काढता येईल. सोबत एक वही आणि पेन्सिल असली की पुरे. सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी निघावे. तेव्हा रस्ता मोकळा असतो आणि इमारती पूर्ण दिसतात. प्रत्येक इमारतीपाशी थांबून स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. माथ्यावर नाव किंवा वर्ष आहे का? छप्पर, खांब, खिडक्या कशाच्या आहेत? खाली आज काय चालते आणि पूर्वी काय चालत असे? रस्त्याला ज्याचे नाव आहे, तो माणूस कोण होता? शेवटचा प्रश्न सर्वांत जुन्या दुकानदाराला विचारावा: “या इमारतीने कोणाचे काय भले केले?”

उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, तारीख घालावी. लिहिता-वाचता येणे म्हणजे केवळ पुस्तक वाचता येणे नव्हे. ज्या रस्त्यावर आपण आयुष्यभर ओझी वाहिली, घासाघीस केली, उधारी ठेवली आणि फेडली, तो रस्ताही वाचता आला पाहिजे. त्या रस्त्याच्या इतिहासात आपलीही एक ओळ असते. ती आपणच लिहिली नाही, तर दुसरे कोणी लिहीलच याची खात्री नसते.